ऑन-कॉलची रात्र आणि बेडरूममधलं ‘हो’

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कापलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आधी एक सूचना. हा भाग स्पीकरवर लावू नका. शेजारी आई भाजी निवडत बसली असेल तर हेडफोन लावा, नाहीतर रात्री ऐका. अश्लील असं काही नाहीये. पण विषय सेक्सचा आहे, आणि आपल्याकडे हा शब्द नुसता कानावर पडला तरी घरातलं कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं.

दुसरी गोष्ट, मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो. आमच्या घरात जे झालं आणि त्यानंतर मी जे वाचलं, तेवढंच सांगणार आहे. बायकोची परवानगी घेतलीये. तिनं सगळं लिहिलेलं वाचलं आणि दोन परिच्छेद उडवले. त्यातला एक खरंच चांगला होता. असो.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या टीममधल्या तिघांना एकाच दिवशी काढलं आणि त्यांचं काम उरलेल्यांवर वाटून दिलं. आधी महिन्यातून एकदा यायचा तो ऑन-कॉलचा आठवडा दर दुसऱ्या आठवड्याला यायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑन-कॉल म्हणजे सिस्टिम बंद पडली की रात्री कितीही वाजता फोन तुम्हाला येणार. उशीखाली फोन, फोनचा आवाज पूर्ण वर, आणि झोप अशी की फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू झाला तरी दचकून जाग येते. त्यात ‘पुढचा नंबर आपला’ ही भीती. ती मी कुणाला सांगत नव्हतो. बायकोला तर नाहीच, कारण घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो.

याच काळात माझ्या लक्षात आलं, खरं म्हणजे लक्षात आलं नव्हतं, आत्ता मागे बघताना दिसतंय, की ऑन-कॉलच्या आठवड्यात मला सेक्स जास्त हवा असायचा. रोज, कधीकधी मध्यरात्री लॅपटॉप मिटल्या मिटल्या. आणि ज्या आठवड्यात ऑफिस शांत, त्या आठवड्यात मी रात्री अकराला बेडवर पडून रील्स बघायचो. मी याचा सरळ अर्थ लावला होता: आपली भूक जास्त आहे, तिची कमी आहे. झालं. जगातल्या अर्ध्या नवऱ्यांनी हाच अर्थ लावला असेल.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा सगळा दिवस उभ्यानं आणि दुसऱ्यांच्या गुडघ्या-खांद्यांना हात लावण्यात जातो. रात्री तिला कुणी हात लावू नये असंही वाटू शकतं, हे मला लग्नानंतर दोन वर्षं सुचलं नव्हतं.

एका रात्री सव्वा वाजता प्रॉब्लेम सुटला. मी लॅपटॉप मिटला, आत गेलो, ती अर्धवट झोपेत होती. मी जवळ गेलो. ती ‘हं’ म्हणाली, कूस वळवली, आणि मग एकदम डोळे उघडून विचारलं, “अरे, तू माझ्याकडे आलायस, की ऑफिसमधून पळून आलायस?”

मला राग आला. खूप. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो आणि पुढचे तीन दिवस मोजकं बोललो. याला रुसणं म्हणतात. आपल्याकडे पुरुष रुसत नाहीत, ते ‘थकलेले’ असतात. तर मी तीन दिवस थकलेला होतो.

चौथ्या दिवशी रविवार. मिसळ खायला गेलो होतो, टेबलासाठी बाहेर थांबलो होतो, आजूबाजूला पंचवीस माणसं. आणि तिथे ती हळू आवाजात म्हणाली, “तुला एक सांगू? मी बऱ्याचदा हो म्हणते ना, ते मला हवं असतं म्हणून नाही. नाही म्हटलं की तू असा होतोस म्हणून.”

त्या दिवशी मिसळ काय होती मला आठवत नाही.

डेव्हलपर मंडळींना हे लगेच कळेल. एपीआयला रिक्वेस्ट पाठवली, उत्तर आलं २००, म्हणजे सगळं ठीक. तुम्ही खूश. मॉनिटरिंग हिरवं. आणि महिनाभरानं कुणीतरी उघडून बघतं तर त्या २०० च्या आत लिहिलेलं असतं, ‘एरर’. मी दीड-दोन वर्षं फक्त स्टेटस कोड वाचत होतो.

मग मी जे नेहमी करतो ते केलं, वाचायला बसलो. (बायको म्हणाली, “माझ्याशी बोलायचं सोडून पेपर वाचतोय.” बरोबर होतं तिचं.) पण वाचलं ते कामाचं निघालं.

२००७ साली टेक्सास विद्यापीठातल्या सिंडी मेस्टन आणि डेव्हिड बस या दोघांनी एक साधा प्रश्न घेतला: माणसं सेक्स का करतात? लोकांकडून कारणं गोळा केली तर यादी निघाली २३७ कारणांची! प्रेम, आकर्षण, मजा हे तर आहेच. पण त्यात ताण घालवण्यासाठी, स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून, जोडीदाराला गमावू नये म्हणून, कर्तव्य म्हणून, अशीही आहेत. आणि गंमत म्हणजे पुरुषांची पहिली २५ कारणं आणि बायकांची पहिली २५ कारणं लावली तर त्यातली २० सारखीच होती. अर्थात ही यादी मुख्यतः अमेरिकन कॉलेजच्या मुलामुलींवरून आलेली आहे, तेव्हा ती आपल्या घराला जशीच्या तशी चिकटवू नका. पण ‘पुरुषांना शरीर हवं असतं, बायकांना मन’ हे जे आपण व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो ना, त्याला त्यातून फारसा आधार मिळत नाही.

याच्या आधी, १९९८ मध्ये, लिन कूपर नावाच्या संशोधक बाईंनी या कारणांना एक आकार दिला होता. मला तो फार आवडला. या बाई आधी दारूवर काम करत होत्या. लोक का पितात? कुणी मजेसाठी पितं, कुणी दुःख बुडवायला पितं. ग्लास तोच, दारू तीच, पण दुसऱ्या प्रकारचं पिणं जास्त अडचणीत नेतं. त्यांनी तीच पद्धत सेक्सला लावली. दोन प्रश्न विचारायचे. एक, तुम्ही कशाच्या तरी जवळ जाताय, की कशापासून तरी लांब पळताय? दोन, हे स्वतःसाठी आहे की समोरच्यासाठी? 

आता आमची केस यात टाकून बघा. मी: स्वतःसाठी, आणि भीतीपासून पळायला. ती: समोरच्यासाठी, आणि माझ्या रुसण्यापासून वाचायला. म्हणजे एका बेडवर दोन माणसं, दोघंही पळतायत, आणि दोघंही एकमेकांकडे पळत नाहीयेत. बाहेरून बघितलं तर काय, ‘सुखी जोडपं’.

‘जवळ जाणं’ आणि ‘लांब पळणं’ यानं खरंच फरक पडतो का? २००५ मध्ये एमिली इम्पेट आणि सहकाऱ्यांनी प्रेमात असलेल्या लोकांना १४ दिवस रोज रात्री डायरी भरायला लावली. सेक्स झाला का, आणि झाला तर कशासाठी. ज्या दिवशी कारण जवळीकीचं होतं, आनंदाचं होतं, त्या दिवशी लोकांना स्वतःबद्दल आणि नात्याबद्दल जास्त चांगलं वाटलं. ज्या दिवशी कारण होतं भांडण टाळणं, जोडीदाराची नाराजी टाळणं, त्या दिवशी वाईट वाटणं जास्त, खटके जास्त. म्हणजे भांडण टाळायला म्हणून जे केलं, त्याच दिवशी खटके जास्त! बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “यासाठी अभ्यास करायला लागतो?”

इथे एक थांबा. मी असं म्हणत नाहीये की ताणात सेक्स हवा वाटणं चूक आहे. दिवस वाईट गेला, जवळच्या माणसाच्या कुशीत शिरावंसं वाटलं, यात काय चूक? जवळच्या माणसाच्या स्पर्शानं शरीर शांत होतं. तो आपल्याकडचा सगळ्यात जुना उपाय असेल. माझी गडबड वेगळी होती. मी ताण घेऊन येत होतो आणि ताणाबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. तिला कळतच नव्हतं की हे प्रेम आहे, सवय आहे की घाबरलेला माणूस आहे. आणि तिनं नाही म्हटलं की मला ते ‘आज नको’ असं ऐकूच यायचं नाही. ‘तू नको’ असं ऐकू यायचं. ऑफिसमध्ये आधीच कुणीतरी आपल्याला ‘नको’ म्हणेल याची भीती, त्यात घरीही. हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हसून उडवलं असतं.

अजून एक गोष्ट वाचली आणि मोठ्ठा उजेड पडला. जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सेन या दोघांनी एक मॉडेल मांडलं. इच्छा ही एक टाकी नाही, की कुणाची मोठी, कुणाची लहान. दोन यंत्रणा आहेत, एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक. प्रत्येकाच्या दोन्हींची सेटिंग वेगळी. मनःस्थिती बिघडली की बऱ्याच लोकांची इच्छा कमी होते. पण बँक्रॉफ्ट यांच्याच अभ्यासात काही लोक असेही दिसले ज्यांची इच्छा काळजीत, उदासीत उलट वाढते. मी बहुतेक या दुसऱ्या गटातला. ती पहिल्या. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच घरात, हप्ता तोच, काळजी तीच, आणि एकाचा पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरीचा ब्रेकवर. यात कुणाची चूक? कुणाचीच नाही. पण आम्ही दोघंही आपापल्या डोक्यात दुसऱ्यावर बग फाइल करून बसलो होतो.

आणि ब्रेकवर पाय असलेल्या माणसाला ॲक्सिलरेटर देऊन उपयोग नसतो. मेणबत्त्या, हॉटेल, तो सगळा बाजार ॲक्सिलरेटरचा आहे. आमच्याकडे ब्रेक काय होते सांगू? सांगलीहून आई-बाबा आले की ते शेजारच्या खोलीत, आणि आमच्या टू बीएचकेची भिंत अशी की बाबांचा खोकला ऐकू येतो. सकाळचे दोन डबे. तिची टाचदुखी. आणि सगळ्यात मोठा ब्रेक, मी. मी रुसेन ही शक्यता. ज्या गोष्टीला नाही म्हणायची मुभा नाही, ती हवीशी कशी वाटणार?

ताण आणि जोडपी यावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं त्यांच्यातले एक म्हणजे झुरिकचे गी बोडेनमान. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ताण बहुतेक वेळा बाहेरून येतो. ऑफिस, ट्रॅफिक, सासर-माहेर, पैसे. पण घरात शिरताना त्याच्यावर पत्ता लिहिलेला नसतो, म्हणून तो नात्यातलाच प्रॉब्लेम वाटायला लागतो. त्यावर जोडप्यानं मिळून काय करायचं, तर पहिली पायरी एकदम साधी: ताण आहे हे सांगायचं. ते सांगितल्याशिवाय समोरच्याची मदत सुरूच होऊ शकत नाही. मग समोरचा कधी ऐकून घेतो, कधी एखादं काम अंगावर घेतो, कधी दोघं मिळून मार्ग काढतात. आणि कधी मदत चुकीचीही असते, ‘हां हां कळलं, एवढं काय त्यात’ अशी. तीही बोडेनमान यांनी मोजली आहे.

मी पहिली पायरीच गाळत होतो. थेट शरीराकडून उत्तर मागत होतो, प्रश्न न सांगता.

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. आणि एकदम जमलंही नाही. पहिल्यांदा मी ठरवून बोलायला बसलो तर पस्तीस मिनिटं सर्व्हर आर्किटेक्चर समजावून सांगितलं. ती जांभया देत होती. मग म्हणाली, “हे सगळं ठीक आहे, पण तुला काय होतंय?” मला उत्तरच देता येईना. इंजिनिअरला ‘काय झालं’ सांगता येतं, ‘काय होतंय’ सांगता येत नाही. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, “मला वाटतं मलाही काढतील.” एवढंच वाक्य. आठ महिने पोटात होतं. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. त्या रात्री आम्ही हिशोबाची वही काढली आणि माझा पगार बंद झाला तर किती महिने निघतील ते मोजलं. पाच. मला दोन वाटत होते. त्या रात्री मी फोनचा अलार्म वाजेपर्यंत झोपलो. सेक्स नाही, काही नाही. आणि मला तो हवा होता असंही वाटलं नाही. तेव्हा कळलं की इतके दिवस जी भूक म्हणत होतो त्यातली बरीचशी भूक नव्हतीच.

दुसरं, ‘नाही’ स्वस्त केलं. म्हणजे ती नाही म्हणाली तर मी काय करायचं हे आधीच ठरवलं: “बरं” म्हणायचं, आणि पाठ फिरवायची नाही. ऐकायला पोरकट वाटतं. पण पहिल्या महिन्यात मला ते दातओठ खाऊन करावं लागलं, हे कबूल करतो. तीन-चार ‘नाही’ असे गेले, घरात काही पडलं-झडलं नाही, आणि मग एक दिवस ‘हो’ आलं. ते आधीच्या सगळ्या ‘हो’ पेक्षा वेगळं होतं. कसं ते सांगणारा परिच्छेद उडवला गेलाय.

आणि उलटंही. कधी तिला मनापासून वाटतं की आज याच्यासाठी. तेही चालतं. टोरांटोच्या एमी म्यूझ आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं एकत्र असलेल्या जोडप्यांवर काम केलंय. जोडीदाराच्या इच्छेची मनापासून काळजी घेणाऱ्यांची स्वतःची इच्छा काळाबरोबर जास्त टिकलेली दिसली. पण स्वतःची गरज बाजूला टाकून सतत दुसऱ्याचंच बघणं, त्याचा असा फायदा दिसत नाही. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून विचारावं लागतं. मी हल्ली विचारतो, “हे तुझ्याकडून की माझ्याकडून?” ती कधीकधी म्हणते, “आज माझ्याकडून. जास्त विचारू नकोस.”

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. इच्छा बदलण्याची कारणं शरीरातही असतात. थायरॉइड, बाळंतपण, दुखणं, आणि डिप्रेशनवरच्या काही गोळ्या. त्या गोळ्यांनी इच्छा कमी होऊ शकते. पण म्हणून त्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. आणि जिथे ‘नाही’ म्हटल्यावर धमकी मिळते, मारहाण होते, पैसे बंद होतात, तिथे मी आत्ता सांगितलेलं काहीही लागू नाही. तो ताणाशी जुळवून घेण्याचा प्रश्न नाही, ती जबरदस्ती आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

हे सगळं वाचताना मला एका गोष्टीची लाज वाटली. मी बायकोशी या विषयावर बोलायचो ते इंग्रजीत. ‘मूड’, ‘इंटिमेट’, ‘नीड्स’. मराठीत शब्दच सुचायचे नाहीत, एकतर संस्कृत किंवा शिवी. आणि याच पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात रघुनाथ धोंडो कर्वे नावाचे गणिताचे प्राध्यापक १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. साध्या मराठीत, लैंगिक विषयांवर. वाचक प्रश्न पाठवायचे, ते उत्तरं छापायचे. अशा उत्तरांवरून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नव्वद वर्षं झाली. आणि मी मिसळीच्या रांगेत बायकोचं एक वाक्य ऐकून घामाघूम झालो.

आता तुम्ही विचाराल, मग सगळं छान झालं का? नाही. मागच्या महिन्यात मी पुन्हा एकदा ‘थकलो’ होतो, दीड दिवस. तिनं ओळखलं आणि सरळ म्हणाली, “थकलायस की रुसलायस?” मी म्हटलं, “रुसलोय.” मग हसूच आलं, त्यामुळे रुसवा फार टिकला नाही. नोकरी आहे अजून. ऑन-कॉलही आहे.

मागचा ऑन-कॉलचा आठवडा वाईट गेला. डेटाबेसची कनेक्शन्स संपत होती, तीन वाजता एकदाचं सुटलं. आत आलो तर ती जागी. “काय झालं?” मी सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, तिनं कळल्यासारखं केलंही नाही. “आता चालू आहे ना? मग झोप,” म्हणाली आणि माझ्या मानेखाली अंगठ्यानं दाबत राहिली, पेशंटला दाबते तसं. मी झोपलो. शनिवारी दुपारी फोन ऑन-कॉल बदलून दुसऱ्याकडे गेला, आई-बाबा नाटकाला गेले होते, आणि ती म्हणाली, “अरे, आज कुठून पळून आलेला नाहीस ना?”

याच्या पुढचा तो दुसरा परिच्छेद. भेटू पुढच्या शुक्रवारी.